आईने कप्तानालाच मागितलं

माझ्या आईने ज्वालामुखी चढायचं ठरवलं तेव्हा तिला आमच्या इमारतीचा जिनाही एका दमात चढवत नव्हता. दुसऱ्या मजल्यावर ती थांबायची, कठड्याला धरून उभी राहायची आणि कुणी बघत असेल तर किल्ली शोधल्यासारखं करायची. अशी बाई एका शनिवारी कामावरून आली, पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "उठ, कपडे बदल. कप्तानाच्या ऑफिसात जायचंय. डोंगरासाठी नाव नोंदवायचंय. तुझंही."

मला वाटलं, तिला ताप आहे.

आमच्या शहरात डोंगर म्हटलं की एकच. रस्त्याच्या टोकाशी उभं राहिलं की छपरांच्या वर त्याचा पांढरा माथा दिसतो आणि हवा स्वच्छ असली तर माथ्यातून निघणारा धूरही. बाहेरगावचे लोक तो चढायला येतात. आदल्या दुपारी वरच्या झोपडीत मुक्कामाला जायचं, पहाट व्हायच्या आत निघायचं, शिखर गाठायचं आणि त्याच दिवशी खाली यायचं. गाइडशिवाय कुणाला सोडत नाहीत. माझे बाबा गाइड होते, आजोबाही गाइड होते. मी अकरा वर्षांची असताना बाबा त्या डोंगरावर मेले. त्यांच्या दोराला बांधलेले एका मोठ्या हॉटेलाचे मालक आणि त्यांची बायकोही मेली.

चौकशी झाली. कप्तान म्हणजे गाइडांचं ऑफिस चालवणारा, बाबांचा मालक, मित्र आणि लहानपणापासूनचा सोबती. तो त्या दिवशी झोपडीत रेडिओवर बसला होता. त्याने सांगितलं, "हवा फिरली होती. मी त्याला परत फिर म्हणालो. त्याने ऐकलं नाही." सांगताना तो रडला म्हणे. संपलं. माझे बाबा दोन पाहुण्यांचे मारेकरी झाले. शाळेत माझ्या बाकावरची मुलगी उठून दुसरीकडे बसली. आणि आजोबांनी, ज्यांनी बाबांना पहिली गाठ मारायला शिकवली होती, त्यांनी मुलाचा फोटो भिंतीवरून काढला आणि मरेपर्यंत त्याचं नाव तोंडात घेतलं नाही. पाहुण्याला मारणारा गाइड त्यांच्या लेखी माणूस नव्हता.

आई हे सगळं खाली मान घालून सोसत राहिली. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत काम करते. दिवसभर वाफेत, चादरींच्या ढिगात. तिच्याही मनात कुठेतरी होतंच की नवऱ्याचं चुकलं. हट्टी होता, गेला.

मग बऱ्याच वर्षांनी, आईने डोंगराचं मनावर घेतलं त्या वर्षी, बुटवाल्याचं ऑपरेशन झालं.

बुटवाला म्हणजे स्टँडमागे चढाईचे बूट भाड्याने देतो तो. पूर्वी तो झोपडीत स्वयंपाक करायचा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आई त्याच्या वॉर्डात चादरी द्यायला गेली, तर त्याने तिचा हात धरला. माणूस घाबरलेला, उद्या आपण टेबलावरून उठणार नाही अशी त्याची खात्री. म्हणाला, "वहिनी, हे घेऊन मला वर जायचं नाही." आणि सांगितलं. त्या दिवशी बाकीच्या सगळ्या गाइडांनी हवा बघून आपापल्या टोळ्यांची चढाई रद्द केली होती. डोंगरावर बाबांचा एकच दोर होता, आणि रेडिओ ऐकणारे दोघेच, कप्तान आणि भांडी घासणारा हा. बाबा परत फिरत होते. कप्तान त्यांना म्हणाला, "वर चल. हे लोक खुश झाले तर वर्षभर पाहुणे पाठवणार आहेत. शिखर न दाखवता आणलंस तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

ऑपरेशन यशस्वी झालं. तीच बुटवाल्याची पंचाईत झाली. आई पुन्हा भेटायला गेली तर तो उशीत तोंड खुपसून म्हणाला, "मी काही बोललोच नाही वहिनी. गुंगीत होतो." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कसली गुंगी? पण तो काही बधला नाही. कप्तानाचे सगळे पाहुणे त्याच्याकडूनच बूट घ्यायचे.

आईने हे मला त्या शनिवारी, ऑफिसकडे चालता चालता सांगितलं. मी रस्त्यातच थांबले. "मग पोलिसांत जाऊ. वकील बघू."

"आणि काय सांगू? बुटवाला गुंगीत होता म्हणून?" आई थांबली नाही. "ज्याच्या तोंडाने माझा नवरा बदनाम झाला, त्याच तोंडाने ते फिरलं पाहिजे. चल लवकर, गर्दी असतानाच पोचायचंय."

गर्दी होतीच. कप्तानाचं ऑफिस शनिवारी भरलेलं असतं. काचेच्या दारातून आम्हाला बघून कप्तान खुर्चीतून उठला. आता तो स्वतः फारसा डोंगरावर जात नसे. पोट सुटलं होतं, केस रंगवलेले होते. "वहिनी! तुम्ही इकडे कुठे?"

"भाऊजी," आई म्हणाली, आणि तिचा आवाज असा गोड मी कधी ऐकला नव्हता, "मला एकदा वर जायचंय. हे जिथे गेले ती जागा बघायची आहे. आणि मला दुसरा कुणी गाइड नको. हे ज्याच्या शब्दावर डोंगर चढायचे, त्याच्याच दोराला मला बांधून घ्यायचंय."

काउंटरवरच्या मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एक पाहुणा टोपी काढून उभा राहिला. कप्तान इकडे बघतो, तिकडे बघतो. नाही म्हणायला जागाच नव्हती. चांगुलपणा दाखवून दाखवून त्याने स्वतःला असं कोंडून घेतलं होतं की दार आईनेच लावलं तरी आवाज झाला नाही.

"पण तयारी लागेल वहिनी. खूप तयारी."

"करू की. आता तुम्ही आहात."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आई, खरं सांग. तू त्याला वरून ढकलणार नाहीस ना?"

"ढकलायला इतक्या वर कशाला न्यायला हवं? त्याच्या घराला जिना आहे."

हे ती हसून म्हणाली. म्हणून तर मला जास्त भीती वाटली.

तयारी सुरू झाली. लाँड्रीतून ती खोकी घेऊन आली, त्यातली कपडे धुण्याच्या पावडरची पाकिटं दोन पाठपिशव्यांत भरली आणि आम्ही दोघी रोज कामानंतर इमारतीचा जिना चढायला लागलो. वर, खाली, पुन्हा वर. पहिल्या मजल्यावरचे काका दार उघडून म्हणाले, "काय हो, घर बदलताय की काय, हप्त्याहप्त्याने?" आईला उत्तर द्यायला दम नव्हता. तिसऱ्या आठवड्यात दम आला, तेव्हा म्हणाली, "तुमच्या घरात घुसायची तयारी करतोय." काकांनी दार लावून घेतलं.

मी तिला याआधी कुठल्याही गोष्टीच्या मागे असं लागलेलं बघितलं नव्हतं. पायांना फोड आले, तिने टाचेला चिकटपट्ट्या लावल्या. गुडघा सुजला, हॉस्पिटलमधल्या व्यायामवाल्या बाईंना गाठून तिने गुडघ्याचे व्यायाम शिकून घेतले. बूट मात्र भाड्याने घेतले नाहीत. बाबांचेच जुने बूट तिने माळ्यावरून काढले आणि पुढे लोकरीचे बोळे भरून घातले. मी म्हटलं, मोठे होतात, पाय घसरेल. ती म्हणाली, "घसरणार नाही."

रविवारी कप्तान आम्हाला खालच्या उतारांवर सरावाला न्यायचा. बरोबर त्याचा एक दाढीवाला गाइड, आणि आमच्याच तारखेला चढणारे दातांचे डॉक्टर व त्यांच्या सौभाग्यवती. डॉक्टर चौकस माणूस. प्रत्येक गोष्टीला "हे का?" विचारायचे, आणि उत्तर पटेपर्यंत पुढे सरकायचे नाहीत. तिथली जमीन म्हणजे काळी राख आणि खडी. दोन पावलं वर टाकली की एक पाऊल खाली येतं. कप्तानाने आम्हाला पाय टाकायला शिकवलं. मागचा पाय ताठ ठेवून क्षणभर त्याच्यावर विसावायचं, मग पुढचा उचलायचा. श्वास फुंकर मारल्यासारखा सोडायचा. शिकवायचा छान, हे मान्य करायला हवं.

आणि दर रविवारी आई त्याला एक प्रश्न विचारायची. एकच.

"भाऊजी, त्या दिवशी हे याच वाटेने गेले असतील, नाही?"

पहिल्या रविवारी कप्तानाने भरभरून सांगितलं. बाबा कसे चालायचे, कशा शिट्ट्या वाजवायचे. सौभाग्यवतींनी डोळे पुसले.

"भाऊजी, झोपडीतून ही कड दिसते का हो? तुम्हाला हे दिसत होते का?"

दुसऱ्यांदा त्याचं उत्तर आखूड झालं.

"भाऊजी, रेडिओवर आवाज स्पष्ट येतो का? शब्द न् शब्द कळतो?"

त्यावर तो आईकडे बघत राहिला. "वाऱ्यावर आहे," म्हणाला आणि पुढे निघाला. त्या दिवसापासून तो दाढीवाल्याला आमच्याबरोबर ठेवून स्वतः पुढे चालायला लागला. आईने चाल वाढवली. बाबांचे बूट घालून, पाठीवर पाकिटं घेऊन ती त्याच्या मागे जाऊन भिडायची आणि काही बोलायची नाही. फक्त तिचा श्वास त्याला मानेवर ऐकू यायला हवा, इतक्या अंतरावर चालायची.

कप्तान वाळत चालला. केस रंगवायचे राहून गेले. ऑफिसातली मुलगी मला बाजारात भेटली तर म्हणाली, "साहेबांना तुमच्या आईचा फार लळा लागलाय. सारखे विचारतात, त्या आज काही बोलल्या का, बुटवाल्याकडे गेल्या होत्या का." मी घरी येऊन सांगितलं. आई भाजी निवडत होती. तिने एक देठ मोडला आणि म्हणाली, "अजून शिजायचाय."

मग बर्फावरचा सराव आला. पडायचं कसं आणि पडणाऱ्याला धरायचं कसं, याचा. बुटांखाली लोखंडी काटे बांधायचे, हातात बर्फाची कुऱ्हाड. दोघांच्या कमरेला एकच दोर. एकाने उतारावर स्वतःला झोकून द्यायचं, दुसऱ्याने कुऱ्हाड बर्फात ठोकून त्यावर अंग टाकायचं आणि त्याला थांबवायचं. आधी डॉक्टर पडले, त्यांना सौभाग्यवतींनी धरलं. "इतकी वर्षं हेच करतेय," त्या म्हणाल्या. मी पडले, मला दाढीवाल्याने धरलं. आई पडली, तिला कप्तानाने धरलं.

"आता तुम्ही," आई म्हणाली.

कप्तान हसला. "माझी गरज नाही वहिनी. मला येतं."

"मला यायला नको का? उद्या तुम्ही घसरलात तर?"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यांनी का शिकू नये?"

कप्तान कडेला जाऊन उभा राहिला. उतार तसा धोक्याचा नव्हता, खाली सपाट बर्फ होता. तरी त्याने कमरेची गाठ तपासली. पुन्हा तपासली. मग आईच्या हातांकडे बघितलं. चादरी पिळून पिळून झालेले ते जाड हात.

"विश्वास नाही का भाऊजी?"

तो पडला. आईने कुऱ्हाड ठोकली, अंग टाकलं, दोर ताणला गेला आणि कप्तान मधेच लटकल्यासारखा थांबला, पालथा, तोंड बर्फात. सौभाग्यवतींनी टाळ्या वाजवल्या. नियम असा की धरल्यावर हळूहळू दोर सैल करायचा, म्हणजे पडलेला उठतो. आईने केला नाही.

"सोडा आता वहिनी," खालून आवाज आला.

आई हलली नाही.

"वहिनी, सैल करा."

"थांबा हो. नीट धरलंय का बघतेय." तिचा आवाज थंड होता. "मान वर करू नका, दोर कापेल."

तो तसाच पडून राहिला. दाढीवाला पुढे सरकला, पण आईने त्याच्याकडे एकदा बघितल्यावर थांबला. ऊन होतं, वारा नव्हता, आणि ज्या माणसापुढे आमचं अख्खं घर खाली मान घालून जगलं, तो तिथे तोंडात बर्फ घेऊन गप्प पडला होता. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. आजोबा हे बघायला हवे होते, असं वाटलं.

चढाईच्या आदल्या दुपारी आम्ही झोपडीत पोचलो. एकच लांब खोली, मध्ये चूल, भिंतीला बाकं, खिडकीपाशी फळीवर रेडिओ. आई आत शिरली आणि सरळ त्या फळीसमोरच्या खुर्चीपाशी गेली. बसली नाही. नुसता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

दाढीवाल्याने सगळ्यांचं सामान बाहेर मांडून तपासलं. हातमोजे, कपाळावरचे दिवे, काटे. पायाची नखंही बघितली, कारण उतरताना ती बुटात रुततात. मग सूप वाढलं आणि कप्तान नियम सांगायला उभा राहिला. डोकं दुखलं, उलटीसारखं झालं तर लपवायचं नाही. गाइड परत फिर म्हणाला की फिरायचं. शेवटी म्हणाला, "डॉक्टर आणि बाई माझ्या दोराला. वहिनी आणि त्यांची मुलगी याच्या दोराला."

"असं ठरलं नव्हतं," आई म्हणाली.

"वहिनी, माझं ऐका. तो जवान आहे, तुमच्यासाठी बरा."

"मला तुमचाच दोर हवाय."

"मी नेणार नाही तुम्हाला." हे तो जरा मोठ्यानेच बोलला.

डॉक्टरांनी चमचा खाली ठेवला. "का नाही? गाइड एखाद्याला दोराला घ्यायला घाबरतो म्हणजे काहीतरी कारण असणार. आम्हालाही कळायला नको?"

कप्तानाने कपाळ पुसलं. "काही नाही हो डॉक्टर. यांचा नवरा इथे गेला, माहीत आहे तुम्हाला. माझं न ऐकता वर गेला. यांच्या मनातून ते जात नाही, आणि मला त्याचा त्रास होतो. माझाही मित्र होता तो."

दाढीवाल्याने मान डोलवली. नव्या गाइडांना बाबांची गोष्ट धड्यासारखी सांगत. वरिष्ठांचं न ऐकल्यावर काय होतं, त्याचा धडा.

आई उठली नाही, ओरडली नाही. सुपाच्या वाडग्यावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "भाऊजी, शेवटी हे काय बोलले, मला एकदा ऐकायचंय. इथेच ऐकलंत ना तुम्ही? या खुर्चीत?"

"किती वेळा सांगू? 'वर जातो' म्हणाला."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, परत फिर."

"मग हे काय म्हणाले?"

"मग तो म्हणाला, बाईंना दम लागलाय, खालून ढग चढतोय, मी इथूनच फिरतो..."

तो थांबला. चुलीतलं लाकूड तडकलं. इतक्या वर्षांत ते वाक्य त्याने किती वेळा मनात ऐकलं असेल कोण जाणे, तोंड उघडल्यावर तेच बाहेर आलं.

"म्हणजे ते फिरत होते?" डॉक्टर म्हणाले.

कप्तानाने रेडिओकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि बाहेर निघून गेला. दाढीवाला हातात पळी घेऊन तसाच उभा. मग आईजवळ आला आणि हळू आवाजात विचारलं, "काकू, खरं काय आहे?"

"त्यालाच विचार," आई म्हणाली. "मी काही इथे नव्हते."

मी तिला बाहेर नेलं. म्हटलं, "झालं ना आता? सगळ्यांनी ऐकलं. उद्या सकाळी खाली जाऊ."

"सगळ्यांनी?" आई म्हणाली. "दाताचा डॉक्टर, त्याची बायको आणि एक दाढी. माझ्या नवऱ्याची बदनामी अख्ख्या शहरात झाली."

पहाटे आम्ही काटे बांधून दाराबाहेर आलो तेव्हा कप्तान दोर घेऊन उभा होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसणार.

"मला वाटलं पळालात," आई म्हणाली.

"कुठे पळू, वहिनी?"

त्याने आम्हाला त्याच्या दोराला बांधलं. पुढे तो, मध्ये आई, मागे मी. डॉक्टर आणि सौभाग्यवती दाढीवाल्याच्या दोराला, आमच्या थोडे मागे. हंगाम होता, हवा चांगली होती. वर-खाली उतारावर इतर टोळ्यांचे दिवे रांगेने हलत होते. आधी राख, मग बर्फ. मला डोकेदुखी सुरू झाली, थंडीने दात वाजायला लागले. पुढे आईची पावलं ठरलेल्या चालीने पडत होती. टाकला पाय, विसावली, फुंकर. टाकला पाय. ती एकदाही थांबली नाही. थांबायचा तो कप्तान.

उजाडलं तेव्हा आम्ही एका काळ्या कातळाखालच्या सपाटीवर पोचलो. कप्तान आपणहून थांबला. काही बोलायची गरज नव्हती. बाबा आणि ते दोघे इथे सापडले होते, एकमेकांना बिलगलेले. बाबांचं जाकीट त्या बाईंच्या अंगावर होतं, एवढं मला माहीत होतं.

आईने कातळाला हात लावला. मग वळली.

"रेडिओ काढा भाऊजी."

"कशाला?"

"रेडिओवर म्हणालात ना? रेडिओवरच सांगा. आज ऐकायला पुष्कळ लोक आहेत."

कप्तानाचा चेहरा राखेसारखा झाला. "वहिनी, डोंगरावरचे सगळे ऐकतील. खाली सगळ्या ऑफिसांत ऐकतील."

"त्यासाठीच."

"माझं सगळं जाईल. मला पोरं आहेत."

"मलाही आहे एक. ही बघा, मागे उभी आहे. तिच्या बाकावर कुणी बसत नव्हतं."

 

"आणि नाही बोललो तर?"

आई बर्फावर बसली. कुऱ्हाड बाजूला ठेवली, हात मांडीवर घेतले. "नका बोलू. मी इथून वर येत नाही आणि खालीही येत नाही. तुमच्या दोराला बांधलेली आहे मी. बघा कसं न्यायचं ते."

वारा सुटला होता. दुसरा दोर मागून येऊन पोचला. डॉक्टरांनी या वेळी काही विचारलं नाही. कप्तानाने हात जोडले, मग गुडघ्यावर बसला, म्हणाला, खाली गेल्यावर बोलतो, लिहून देतो, शपथ घेतो. आई त्याच्याकडे बघत राहिली. तिचे ओठ निळे पडायला लागले होते. मी घाबरले. "आई, ऊठ," म्हटलं. "पुरे झालं, ऊठ ना." तिने माझ्याकडे मानसुद्धा वळवली नाही, आणि तेव्हा मला कळलं की ती खरंच उठणार नाही. कप्तानालाही कळलं. आणखी एक मेलेलं माणूस या जागेवर, त्याच्याच दोराला बांधलेलं.

त्याने रेडिओ तोंडाशी धरला. स्वतःचं नाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं. माझ्या बाबांचं नाव इतक्या वर्षांनी डोंगरावर मोठ्याने घेतलं गेलं. म्हणाला, "त्या दिवशी तो परत फिरत होता. मी त्याला वर पाठवलं. कामावरून काढीन म्हणून धमकावलं. चौकशीत मी खोटं बोललो. चूक त्याची नव्हती."

रेडिओ खरखरला. मग एक आवाज आला, "ऐकलं." थोड्या वेळाने दुसरा, "ऐकलं." मग आणखी. आमच्याशेजारी दाढीवाल्याने आपला रेडिओ काढला आणि कप्तानाकडे बघत त्यात म्हणाला, "ऐकलं."

आई उठली. अंगावरचा बर्फ झटकला. "चला, मला खाली न्या."

"शिखर?" डॉक्टर चाचरत म्हणाले. "जवळच आहे."

"मला कशाला शिखर? माझं काम झालं."

आणि मी म्हटलं, "मी वर जाणार."

आई पहिल्यांदा गोंधळली. तिच्या सगळ्या तयारीत ही गोष्ट नव्हती. मी इतके महिने पाकिटं वाहिली होती, आणि मला डोंगराचं ते तोंड बघायचं होतं, ज्याच्या धुराकडे बघत मी लहानाची मोठी झाले. "जा," ती म्हणाली. मला दाढीवाल्याच्या दोराला बांधलं.

उतरताना गाइड मागे, वरच्या बाजूला असतो. म्हणजे आईचा जीव आता कप्तानाच्या हातात होता, आणि आसपास कुणी नव्हतं. मी वर चढत होते आणि सारखी मागे बघत होते. दोन ठिपके, मध्ये दोर. एकदा खालचा ठिपका घसरला, दोर ताणला गेला, वरचा बसला आणि थांबला. मग दोन्ही पुन्हा चालू लागले.

वर सडक्या अंड्यांचा वास होता. विवराच्या कडेवरून पिवळा धूर येत होता, डोळ्यांची आग होत होती. सौभाग्यवती म्हणाल्या, "एवढ्यासाठी?" आणि ओकल्या. मला मात्र तिथून हलवेना. दाढीवाल्याने दोनदा सांगितलं तेव्हा निघाले.

झोपडीत आई चुलीपाशी बसून सूप पीत होती. दुसरा वाडगा. कप्तान बाहेर पायरीवर, काटेही न सोडता बसलेला.

"वाटेत काय बोललात?" मी विचारलं.

"काही नाही. तो रडत होता. मी पाय बघून टाकत होते."

"आता शांत वाटतंय?"

आईने विचार केला. "नाही," म्हणाली. "भूक लागली आहे."

खाली आमच्या आधी बातमी पोचली होती. त्या आठवड्यात गाइड एकेक करून घरी आले, दारात टोपी काढून उभे राहिले. आईने सगळ्यांना चहा दिला आणि कुणाला बसा म्हटलं नाही. बुटवालाही आला. आता त्याला सगळं आठवत होतं. त्याला चहाही दिला नाही. कप्तानाच्या गाइडांनी काम सोडलं, पुन्हा चौकशी लागली, ऑफिसचं शटर एका सकाळी उघडलंच नाही. त्याची बायको लाँड्रीत आली, वाफेत उभी राहून म्हणाली, "ताई, ते जेवत नाहीत. एकदा माफ केलं म्हणा."

आईने चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. दोघींनी मिळून ती चादर घडी केली. मग आई म्हणाली, "माझे सासरे मेले तेव्हा तुमच्या नवऱ्याने खांदा दिला होता. त्या वेळी त्यांच्या कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. आता माझ्याकडे काही नाही. जा तुम्ही."

मी तिला कधीकधी सांगते, आता सोड. वय झालं त्याचं. ती ऐकून घेते, हो म्हणते. कप्तान याच शहरात राहतो, काठी घेऊन चालतो. बाजारात आई समोरून येताना दिसली की तो रस्ता ओलांडून पलीकडे जातो.

मग आईही ओलांडते.